तीव्र कुपोषित बालकाचा पहिला आठवडा

वर्धा-नागपूर मार्गावर धाम नदीच्या काठी वसलेले पवनार हे गाव आचार्य विनोबाजींच्या आश्रमामुळे देशभर परिचित आहे. १९६९ साली स्थापन झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय येथून दूर नाही. परंतु रुग्णालय जवळ असले तरी कुपोषित बालक तेथे वेळेवर पोहोचणे आणि उपचार पूर्ण होईपर्यंत तेथे राहणे, हे गावाच्या जाणतेपणावर अवलंबून असते.

अतिशय रोडावलेले मूल पाहिले की त्याला तातडीने पोटभर खाऊ घालावे, असे कोणासही वाटते. पण गंभीर आजारी व भूक मंदावलेल्या मुलास हेच पोटभर अन्न घातक ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीतून मुक्त झालेल्या कैद्यांपैकी काहीजण अन्न मिळाल्यानंतर दगावले, हा अनुभव वैद्यकशास्त्राने नोंदवला आहे.

असे का घडते?

दीर्घ उपासमारीत शरीर आपले व्यवहार मंद करते. पेशींतील पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी होते, तर सोडियम आत साठते. एकदम भरपूर अन्न दिले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातील साखरेबरोबर पोटॅशियम, मॅग्नेशियम व फॉस्फेटही पेशींत ओढले जातात. रक्तातील त्यांचे प्रमाण घसरल्याने हृदयाची लय बिघडते व श्वसनाचे स्नायू दुर्बळ होतात. त्यातच मीठ व पाणी अधिक झाल्यास अशक्त हृदयावर भार पडतो.

उपचाराची रीत

म्हणूनच रुग्णालयात आरंभी कमी प्रथिनांचा, दुधापासून केलेला पातळ आहार दिला जातो. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात. सूज नसलेल्या मुलास दिवसाला किलोमागे १३० मिलिलिटर, म्हणजे सहा किलोच्या मुलास ७८० मिलिलिटर आहार लागतो. दर दोन तासांनी दिल्यास प्रत्येक वेळी ६५ मिलिलिटर होतो. रात्रीचा आहार चुकवता येत नाही, कारण साखर व शरीराचे तापमान उतरण्याचा धोका रात्रीच अधिक असतो. सोबत पोटॅशियम व मॅग्नेशियम पुरवले जाते. लोहाची औषधे मात्र वजन वाढू लागल्यावरच सुरू होतात. भूक परतली व सूज ओसरू लागली की आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात.

अंगावरील सूज उतरावी म्हणून लघवीचे औषध देणे धोक्याचे आहे. जुलाब झाल्यास कमी सोडियम व अधिक पोटॅशियम असलेले विशेष द्रावण देतात. शिरेतून सलाईन केवळ अत्यवस्थ स्थितीतच आणि वैद्यकीय देखरेखीखाली देतात.

गावाचे कर्तव्य

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यास खड्डा पडत असेल, तर अंगणवाडी सेविकेने त्वरित आरोग्य केंद्रास कळवावे. ज्याला चांगली भूक आहे व अन्य आजार नाही, अशा सूज नसलेल्या मुलावर देखरेखीखाली गावातच उपचार होऊ शकतात. जे मूल खात नाही, सुस्त आहे, अथवा ज्याला ताप, जुलाब वा सूज आहे, त्यास रुग्णालयातच न्यावे. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर वाटेत चमचाभर साखर ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून थोडीथोडी पाजावी. त्याला उबदार ठेवावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे.

पहिल्या आठवड्यात वजन फारसे वाढत नाही. सुजलेल्या मुलाचे तर घटते. उपचार निष्फळ ठरले असे समजून आईबाप मूल घरी नेतात, आणि मजुरी बुडण्याची चिंताही त्यांना लागलेली असते. अशा वेळी पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी त्यांना धीर द्यावा, बुडीत मजुरीच्या साहाय्याची चौकशी करावी व घरच्या इतर मुलांची सोय लावावी. तो एक आठवडा निभावला की बालकाचा पुढील मार्ग पुष्कळ सुकर होतो.