गुत्तेदार म्हणाला, टनेज वाढवा

आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर रूमचं काम केलेल्या गुत्तेदाराचं नाव मी घेणार नाही. तो चेअरमन साहेबांच्या ओळखीतला आहे आणि मला नोकरी करायची आहे. पण झालं ते सांगायला हवं. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला आता दवाखाने, कॉलेजं, पतसंस्था, सगळीकडे सर्व्हरचे एक-दोन रॅक उभे आहेत, आणि कामं घेणारी माणसं तीच आहेत.

दोन-दोन टनांचे दोन स्प्लिट ए.सी., रिमोट १६ वर. तरी एप्रिल लागला की सर्व्हर भरदुपारी आपोआप बंद. काउंटरपुढे पिग्मी एजंटांची रांग आणि शिव्या मला. संचालकांच्या बैठकीत ‘यांना जमत नसेल तर दुसरा माणूस बघू’ इथपर्यंत गेलं. शेवटी गुत्तेदाराला बोलावलं. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, हात वर करून वारा बघितला आणि म्हणाला, “सर, थंड तर हाय की! लईच गरम होत असंल तर टनेज वाढवा. तिसरा टाकू.”

मी विचारलं, इथं उष्णता किती किलोवॅट आहे ते सांगा. त्याने मोबाईलवर ऐरोलीच्या कुठल्याशा डेटा सेंटरचा फोटो दाखवला. वर ऐकवलं, “औंढ्याला लायगो येतंय, तिथं बघा किती ए.सी. लागतेत.” लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी मंजूर केलेत, त्यांचा हिशोब करायला इंजिनिअर आहेत. आमचा कोण करणार? चेअरमन साहेबांनी मात्र मान डोलावली.

हिशोब खरं तर पाच मिनिटांचा आहे. सर्व्हर जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. यूपीएसच्या पडद्यावर लोड दिसतो; आमचा ४ किलोवॅटच्या आत होता. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. म्हणजे दोन टनांचा एकच ए.सी. पुरायला हवा होता, भिंतीतून येणारं ऊन धरूनही. मग चार टन असून आग का?

दुकानातून दोन साधे थर्मामीटर आणले. एक रॅकच्या पुढच्या जाळीला वर बांधला, एक मागे. तासाभराने पाहिलं तर पुढे ३४, मागे २७. मी दोनदा डोळे चोळले. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो, तेव्हा गरम मागे हवं. इथं दोन्ही ए.सी. रॅकच्या पाठीवर गार हवा ओतत होते आणि पाठीची गरम हवा वरून वळसा घालून तोंडाकडे येत होती. सर्व्हर स्वतःचाच तापलेला श्वास परत घेत होता. त्याच्या तोंडाशी १८ ते २७ अंश असावेत, असं ॲश्रे ही संस्था सांगते. खोलीच्या मधोमध किती, याला अर्थ नाही. रिमोटवरच्या आकड्याला तर अजिबात नाही.

गुत्तेदाराला फोन केला. ए.सी. त्याच भिंतीला का लावले? “सर, तिकडून तांब्याचा पाईप कमी लागतो.” एवढंच. आवाजात जराही ओशाळेपणा नाही. पाईपचे पैसे त्याने वाचवले, विजेचं बिल आम्ही भरलं. आणि हाच माणूस तिसऱ्या ए.सी.चं कोटेशन चेअरमन साहेबांकडे ठेवून गेला होता!

रविवारी संस्था बंद असताना रॅक फिरवला. मधल्या रिकाम्या खणांना प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या, नाहीतर गरम हवा त्यातूनच पुढे येते. आता एक ए.सी. २४ वर चालतो, दुसरा राखीव. आठवड्याने आलटून पालटून. पुढे २५ अंश. मे महिना पार पडला. बैठकीत याचा उल्लेखही कुणी केला नाही, ते सोडा.

तुम्ही काम देणार असाल तर आधी लोड किलोवॅटमध्ये लिहून मागा. लाईट गेल्यावर यूपीएस सर्व्हर चालवतो, ए.सी. नाही, छोटी बंद खोली काही मिनिटांत तापते. म्हणून ए.सी. जनरेटरवर हवा, आणि लाईट आल्यावर तो आपोआप सुरू होणारा हवा. रात्री रिमोट दाबायला कोण येणार? बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्यावर बसवू देऊ नका. डब्यावरचं टनेज बाहेर ३५ अंश धरून छापलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये सावलीतच ४२ असतात. फिल्टर धुवा, हळदीच्या हंगामात तर वारंवार, पॉलिशची धूळ कुठेही शिरते. स्वच्छता ठेवा, नोंदवही ठेवा, वगैरे. आणि ‘आपली हवा कोरडी, कूलर लावा’ असं कुणी म्हटलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

वीज किती वाया जाते हे बघायचं तर खोलीच्या एकूण विजेला सर्व्हरच्या विजेने भागा. गूगल आपल्या केंद्रांसाठी हा आकडा १.१ च्या आसपास सांगते. आमचा दोनच्या जवळ होता, म्हणजे सर्व्हर जेवढी वीज खातो जवळजवळ तेवढीच त्याला गार करायला. तिसरा ए.सी. आला असता तर आणखी वाढला असता.

शेवटचं, आणि हे कुणीही सांगत नाही. शेवटचा हप्ता मेची एक दुपार पाहिल्याशिवाय देऊ नका. तशी अट करारातच घाला. आमच्या गुत्तेदाराला पूर्ण चेक मार्च अखेरीलाच मिळाला होता.