जुना सर्व्हर अर्धीच डिस्क का दाखवतो?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचं स्कॅनिंग चालू आहे. देणगीत मिळालेल्या डेल पॉवरएज आर ७१० सर्व्हरमधली जागा संपत आली, म्हणून ४ टीबीची नवी हार्ड डिस्क बसवली. सर्व्हरला ती २ टीबीचीच दिसते. ऑफिसातल्या साध्या संगणकाला मात्र पूर्ण दिसते. डिस्क परत करायची, की सर्व्हरच मोडीत काढायचा?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही करू नका. डिस्क ठणठणीत आहे. अडचण डिस्क आणि सर्व्हर यांना जोडणाऱ्या कार्डाची आहे.

आर ७१० बाजारात आला २००९ मध्ये, आणि सुरुवातीच्या बऱ्याच मशिनांत पर्क ६/आय हे रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एका गटात चालवणारं कार्ड, असे. तुमच्याकडेही बहुधा तेच असणार. सर्व्हर चालू होताना पडद्यावर त्याचं नाव येतं, ते बघून घ्या. डिस्कवरची माहिती ५१२ बाइटच्या खणांत मोजली जाते आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. हे कार्ड तो क्रमांक ३२ बिटांत लिहितं. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक मावतात, त्याहून एकही जास्त नाही. याला ५१२ ने गुणलं की सुमारे २.२ लाख कोटी बाइट होतात, म्हणजेच संगणकाच्या हिशेबातले २ टीबी. पुढचे खण डिस्कवर आहेत, पण ते मागायला कार्डाकडे क्रमांकच उरलेला नाही. फर्मवेअर अद्ययावत करून ही मर्यादा जात नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

उपाय म्हणजे कार्ड बदलणं. याच सर्व्हरला पुढच्या पिढीचं पर्क एच ७०० बसतं आणि त्याला मोठ्या डिस्क चालतात. जुन्या सामानाच्या बाजारात ते मिळतं. घेताना एक गोष्ट हमखास राहून जाते, ती केबल. दोन्ही कार्डांवरचे कनेक्टर वेगळे असल्याने जुनी केबल नव्या कार्डाला लागत नाही. कार्डाबरोबरच केबल मागून घ्या. कार्डावरच्या बॅटरीची अवस्थाही विचारा. ती गेलेली असली तर लिहिण्याचा वेग बराच पडतो.

कार्ड बदलल्यावरही डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागली, तर गाडी पुन्हा २ टीबीवरच अडेल, कारण तिथेही मोजणी ३२ बिटांचीच. म्हणून विभागणीची जीपीटी पद्धत निवडा. ऑपरेटिंग सिस्टीम आहे त्या लहान डिस्कवर राहू द्या आणि मोठी डिस्क फक्त साठवणीला वापरा.

पुढे आणखी डिस्क घ्याल, तेव्हा सॅस आणि साटा या जोडणीच्या दोन प्रकारांतला फरक कनेक्टरवरच पाहा. साटा डिस्कच्या मागे डेटा आणि वीज यांच्या पट्ट्यांमध्ये मोकळी फट असते. सॅस डिस्कची ती फट प्लास्टिकने भरलेली असते. तुमच्या सर्व्हरच्या खाच्यात दोन्ही बसतात, पण साध्या संगणकाच्या साटा केबलला सॅस डिस्क लागत नाही. एकाच रेड गटात मात्र दोन्ही एकत्र करू नका. एसएमआर प्रकारच्या डिस्क रेडसाठी टाळाच. त्यांत शेजारचे माग एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे खराब डिस्क बदलून रेड पुन्हा उभं करायला फार वेळ लागतो.

वेगाची काळजी नको. जुन्या कार्डाचा मार्गसुद्धा दर डिस्कमागे सेकंदाला सुमारे ३०० एमबी वाहून नेतो. फिरती हार्ड डिस्क सहसा तेवढं देतच नाही.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड परत देत नाही. तुमचे अंक जीर्ण झाले असतील, तर त्यांचं पुन्हा स्कॅनिंग होईलच असं नाही. म्हणून आधी सगळ्या स्कॅनची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, चार-सहा फाइली उघडून तपासा, ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि मगच कार्ड बदलायला घ्या.