आजोबांची फुटबॉल टीम खरंच एवढी मोठी होती का?

प्रश्न : माझे आजोबा 84 वर्षांचे आहेत. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर त्यांच्या वयाचे तिघे-चौघे जमतात आणि गप्पा फिरून फिरून जुन्या फुटबॉलवर येतात. 'आपण आशियात पहिले होतो', 'आपली पोरं अनवाणी खेळायची म्हणून वर्ल्ड कपला घेतलं नाही', 'नेव्हिलला मी या डोळ्यांनी बघितलाय' वगैरे. 'मैदान' हा चित्रपट पाहून आल्यापासून तर त्यांना जोरच चढला आहे. पण आजोबा परदेशी कधी गेलेले नाहीत आणि तेव्हा मुंबईत टीव्हीही नव्हता. मग त्यांनी पाहिलं काय? आणि या गप्पांत खरं किती?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून आधी आजोबांना नमस्कार करावासा वाटला. मुंबईतल्या चाळींमध्ये, गोव्यात, कोल्हापूरच्या तालमींत अशा मैफली अजून भरतात. त्यांत सांगितलेलं बरंचसं खरं असतं. फक्त साठ-सत्तर वर्षांत वेगवेगळ्या वर्षांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ते थोडे सोडवून पाहू.

सगळ्यात घट्ट गाठ वर्ल्ड कपची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. 1950चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये होता. आपल्या पात्रता गटातल्या ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स या तिन्ही संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला. इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या गटात आपलं नावही लागलं होतं. त्यानंतर भारत गेला नाही. फिफाने अनवाणी खेळायला बंदी केली म्हणून आपण राहिलो, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते.

आता पुढचं पाहा. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला भारतीय संघ गेला आणि तिथे थंडीत आपले अनेक खेळाडू अनवाणीच खेळले. बंदीमुळे 1950ला अडलो असतो, तर दोनच वर्षांनी एवढ्या मोठ्या स्पर्धेत तसेच कसे उतरलो असतो? हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं हरवलं आणि त्यानंतर आपल्याच फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे बुटांची कथा खरी आहे, पण ती वर्ल्ड कपची नव्हे. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे सांगितलं होतं की अनवाणी पाय हे न जाण्याचं कारण नव्हतंच.

मग कारण काय? साधं आणि थोडं चुटपुट लावणारं. वर्ल्ड कपची थोरवी तेव्हा आपल्याकडे कुणाला फारशी माहीत नव्हती. हॉकीच्या सुवर्णपदकांमुळे ऑलिंपिक हीच सर्वोच्च स्पर्धा असं मनात बसलेलं होतं. बोटीचा लांबचा प्रवास होता, तयारीला वेळ कमी होता, निवडीवरून मतभेद होते. ब्राझीलने खर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी दाखवली होती, तरीही महासंघाने नको म्हटलं. यात आपण एकटे नव्हतो. स्कॉटलंड, तुर्कस्तान, फ्रान्स यांनीही त्या वर्षी जायचं टाळलं आणि शेवटी 13च संघ खेळले. आज जग थांबून पाहतं तो वर्ल्ड कप अजून घडायचा होता.

अनवाणी खेळण्याबद्दलही एक गैरसमज आहे. ते केवळ गरिबीमुळे होतं असं मानतात. पैशाची अडचण होतीच, पण सवयीचा भाग मोठा होता. लहानपणापासून उघड्या पायाने चेंडू हाताळलेल्या माणसाला बुटात चेंडूचा अंदाज येत नसे. 1911 साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरांपैकी एकाच्याच पायात बूट होते. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्येही बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि फ्रान्सविरुद्ध आपण 2-1 असे हरलो. त्या सामन्यात दोन पेनल्टी आपण वाया घालवल्या. त्या गेल्या नसत्या तर निकाल उलटा लागू शकला असता.

आता 'आशियात पहिले' या दाव्याकडे येतो. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या गोलवर भारताने इराणला 1-0 असं हरवलं. दुसरं सुवर्ण 1962 साली जकार्तात मिळालं. मधल्या काळात 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तिथवर पोहोचलेला हा पहिला आशियाई संघ. एवढं निर्विवाद आहे.

पण आजोबांच्या मंडळींना हेही सांगा की मधली वर्षं सलग सोन्याची नव्हती. 1954ला मनिलात आपण गटातच बाद झालो. 1958ला टोकियोत चौथे आलो. दिल्लीच्या पहिल्या स्पर्धेत फुटबॉलचे सहाच संघ होते आणि युद्धात होरपळणारा दक्षिण कोरिया त्यांत नव्हता. मेलबर्नलाही पाच देशांनी नावं मागे घेतल्यामुळे अकरा संघच खेळले आणि हंगेरी न आल्याने आपल्याला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. आठवण चांगली वर्षं जपते आणि मधली गाळून टाकते. त्यामुळे 1951 ते 1962 हा काळ एकच लांबलचक विजययात्रा वाटू लागतो.

हे सगळं वजा केलं तरी जे उरतं ते फार मोठं आहे. मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला आपण 4-2 असं हरवलं आणि त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला, पण पुढे आपण 4-1 असे हरलो आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला 3-0 असं हरवलं. नेव्हिलने चार गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव बरोबरीने पहिलं लागलं. एका पायरीने पदक हुकलेली ही स्पर्धा आजही मनाला लागते.

आणि आता तुमच्या खऱ्या कोड्याकडे येतो. आजोबांनी मेलबर्न पाहिलं नाही, पण नेव्हिलला मात्र नक्कीच पाहिलं असणार. नेव्हिल मूळचा गोव्याचा आणि खेळायचा मुंबईत, टाटांच्या संघाकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून. दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप भरायचा. 1891पासून चालत आलेली ही स्पर्धा म्हणजे देशातल्या मोठ्या संघांचा मुंबईतला मेळावाच. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग यायचे, हैदराबादचे पोलीस यायचे. 1955ला मोहन बागानने कप नेला आणि 1958ला कॅल्टेक्सने तो मुंबईतच ठेवला. ज्या पायांनी मेलबर्नला गोल केले तेच पाय कूपरेजच्या गवतावर थोड्या हातांच्या अंतरावरून पाहायला मिळत.

टीव्ही मुंबईत 1972 साली आला. त्याआधी परदेशातल्या सामन्याची बातमी रेडिओवर ऐकायची, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायची, आणि सिनेमाच्या आधी दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापत्रात एखादी झलक आलीच तर तेवढी पाहायची. मग मन काय करतं? वाचलेल्या सामन्यात, पाहिलेला खेळाडू उभा करतं. मेलबर्नचा गोल वाचला आणि नेव्हिलची धाव कूपरेजवर पाहिलेली होती, तर दोन्ही मिळून एक चित्र तयार झालं. सत्तर वर्षांनी त्याचे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. आजोबा 'बघितलाय' म्हणतात ते खोटं नाही. त्यांनी माणूस पाहिला आणि त्याचा तो सामना वाचला.

'मैदान' चित्रपटामुळे सगळ्यांना माहीत झालेले भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेही कूपरेजच्या प्रेक्षकांना परके नव्हते. हैदराबादचे हे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. माझ्या मते त्या सोनेरी वर्षांचं मर्म अनवाणी पायांत नसून या मास्तरांच्या वहीत होतं. मुलांसाठी ते अशा स्पर्धा भरवत की चेंडू घेऊन एकट्याने पळायचं नाही, लगेच दुसऱ्याला द्यायचा. काही स्पर्धांत फक्त कमकुवत पायानेच चेंडू मारायचा. हंगेरीच्या संघाने 1953ला वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 असं हरवून जी नवी पद्धत दाखवली, ती त्यांनी अभ्यासली आणि आपल्या खेळाडूंना बसेल अशी करून घेतली. तुळशीदास बलराम, प्रदीपकुमार म्हणजे पीके बॅनर्जी, चुनी गोस्वामी ही मंडळी प्रतिभावान होतीच, पण त्यांना एका सूत्रात ओवणारा हात रहीमसाहेबांचा होता.

त्या हाताचं शेवटचं मोठं काम जकार्तात झालं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला 2-0 असं हरवलं. नंतर थायलंड, जपान आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून आपण अंतिम फेरीत पुन्हा कोरियासमोर उभे राहिलो. मैदानाबाहेरचं वातावरण वाईट होतं. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने येऊ दिलं नाही म्हणून भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली होती, आणि त्यावरून जकार्तात भारताविरुद्ध निदर्शनं झाली, दूतावासावरही हल्ला झाला. 4 सप्टेंबर 1962 रोजी भरगच्च स्टेडियम जवळजवळ एकमुखाने आपल्या विरोधात ओरडत होतं. आपल्या बाजूने घोषणा द्यायला पाकिस्तानचा हॉकी संघ बसला होता, असं आपल्या खेळाडूंनी नंतर सांगितलं आहे.

या सामन्यातला रहीमसाहेबांचा एक डाव मला फार आवडतो. बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला थायलंडविरुद्ध जबर लागलं होतं, टाके घातलेले होते. अशा माणसाला बचावात ठेवणं धोक्याचं म्हणून त्यांनी त्याला आघाडीवर खेळवलं. उपांत्य सामन्यात जर्नैलने गोल केला. अंतिम सामन्यात पहिल्या वीस मिनिटांत पीके आणि जर्नैल यांनी एकेक गोल केला, आणि कोरियाला शेवटी एकच परत करता आला. 2-1. मधल्या फळीत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको होता, आणि गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रहीमसाहेब कर्करोगाने आजारी असताना हे सगळं करत होते. 11 जून 1963 रोजी ते गेले.

'मग ते सगळं गेलं कुठे?' या प्रश्नाला बाकावरचं नेहमीचं उत्तर 'क्रिकेटने खाल्लं' असं असतं. तारखा मात्र वेगळं सांगतात. क्रिकेटचा वर्ल्ड कप आपण 1983ला जिंकला, आणि 1974च्या तेहरान आशियाई स्पर्धेतच चीनने आपल्याला 7-1 असं हरवलं होतं. घसरण त्याआधीची आहे. बाहेर सामने 90 मिनिटांचे असताना आपल्याकडे ते कितीतरी वर्षं 70 मिनिटांचेच होते, त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत दम पुरत नसे. रहीमसाहेबांनंतर तशी सलग आखणी कुणी केली नाही. 1964ला आशिया कपात दुसरा क्रमांक आणि 1970ला बँकॉकमध्ये कांस्य मिळालं, पण ती मागच्या पुण्याईवरची कमाई होती.

जपानचं उदाहरण पाहिलं की हे नीट कळतं. 1962ला जकार्तात आपण जपानला 2-0 असं हरवलं होतं. पण त्यांनी 1960पासूनच डेटमार क्रॅमर या जर्मन प्रशिक्षकाला आणून पायापासून काम सुरू केलं होतं. 1968ला मेक्सिकोत जपानने ऑलिंपिक कांस्य जिंकलं. आपला पुरुष संघ 1960च्या रोमनंतर ऑलिंपिकला एकदाही पोहोचलेला नाही. कोरियाने 1983ला आणि जपानने 1993ला व्यावसायिक लीग सुरू केली, आपली राष्ट्रीय लीग 1996ला आली. दरम्यान ते पुढे निघून गेले आणि आपण जागीच राहिलो.

तेव्हा आजोबांचं म्हणणं खरं आहे, फक्त वर्ल्ड कपची आणि बुटांची गाठ तेवढी सोडवून द्या. आणि एक काम मात्र जरूर करा. रोव्हर्स कप 2000-01नंतर भरलेला नाही, आणि त्या काळच्या सामन्यांचं चित्रण फारच थोडं उरलं आहे. आजोबांना 'जकार्ता कसं होतं' असं विचारू नका. कूपरेजवर कुठे बसायचात, तिकीट किती होतं, बरोबर कोण असायचं, नेव्हिल चेंडू कोणत्या पायाने घ्यायचा, असं एकेक विचारा आणि वहीत लिहून घ्या. बाकावरच्या बाकीच्या तिघांनाही बसवा. ते एकमेकांना दुरुस्त करतील, भांडतीलही. तेही लिहून घ्या.