मशीनला तेल कोणते घालावे?

घरात शिवणाचे मशीन असले की घरखर्चाला थोडा हातभार लागतो. कोणी झबली-टोपडी शिवते, कोणी ब्लाउज शिवते. जून महिना आला की शाळेच्या गणवेशांची घाई. नेमके त्याच वेळी मशीन जड झाले तर? गिऱ्हाईक थांबत नाही. ते दुसऱ्या दारी जाते.

मशीन जड का होते, ते आधी पाहू. एक टाका अडीच मिलिमीटरचा धरा. मग एक मीटर शिवणीला टाके किती? ४००. म्हणजे सुई ४०० वेळा खाली जाते आणि ४०० वेळा वर येते. तिच्याबरोबर आतले दांडे हलतात, खालचे शटल हलते. लोखंड लोखंडावर घासते. मध्ये तेलाचा पातळ थर असला तर घासणे कमी होते. तो सुकला की मशीन कुरकुरते, पाय भरून येतात, आतले भाग झिजतात. झिजलेला भाग मागून तेल घालून भरून येत नाही. नवा विकत आणावा लागतो.

“आत्याबाई, मशीन लई जड चाललंय बघा.”

“अगं, मग खोबरेल सोड की दोन थेंब. घरात हाय ना!”

असा सल्ला घरोघरी मिळतो. तो मायेचा असतो, पण चुकीचा असतो. खोबरेल थंडीत गोठते, हे आपण बाटलीत पाहतोच. मशीनच्या सांध्यातही ते तसेच गोठते. शेंगदाण्याचे तेल हवेने हळूहळू चिकट होते. करडईचे तर आणखी लवकर. कढईला बाहेरून कसा चिवट थर बसतो? तसाच थर मशीनच्या आत बसतो, आणि त्यात कापडाचे तूस अडकते. तेल घातले त्या दिवशी मशीन हलके वाटते, म्हणून तर फसगत होते.

मशीनचे तेल वेगळे असते. ते खनिज तेल, रंगाने स्वच्छ आणि अगदी पातळ. शिवणाच्या सामानाच्या दुकानात लहान कुपी मिळते. कुपीवरचे नाव वाचूनच घ्या.

आता तेल कसे घालायचे? मशीनला विजेची मोटर असेल तर आधी पिन काढून ठेवा. सुईखालची चकचकीत पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढा. कापड सरकवणाऱ्या दात्यांत तूस दाबून बसलेले दिसेल. ते ब्रशने झाडून घ्या. बॉबिन काढून शटलची जागाही पुसा. तूस तसेच ठेवून तेल घातले तर चिखल होतो. मग वरच्या प्रत्येक भोकात एक-दोन थेंब सोडा. मशीन मागे कलते करून खालच्या सांध्यांना थेंब द्या. शटल फिरते तिथे एक थेंब पुरे. कापड दाबणारा पाय वर उचलून, दोरा न ओवता, मशीन थोडा वेळ चालवा. पहिली शिवण चिंधीवर घाला. जादा तेल चिंधी पिते, गिऱ्हाइकाचे कापड वाचते.

दिवसभर काम असेल तर रोज तेल द्यावे. अधूनमधून शिवत असाल तर आठवड्याने चालेल. पट्ट्याला मात्र तेल लावू नका, तो घसरतो. दोरा ताणणाऱ्या चकत्याही कोरड्याच ठेवा.

आधीच खाण्याचे तेल घालून बसला असाल, तर सांध्यात थोडे रॉकेल सोडून चिकटा सैल करा. चूल, दिवा, विडी यांपासून दूर बसा. सगळे पुसून मग मशीनचे तेल घाला. रॉकेल नुसते धुते, तेलाचे काम करत नाही.

एवढे करूनही मशीन जड वाटले तर पट्टा उतरवा आणि वरचे चाक हाताने आपल्याकडे फिरवा. हलके फिरले तर दोष खालच्या सांगाड्यात आहे. तिथल्या चाकाला आणि दांड्याच्या सांध्यांना तेल द्या. पट्टा फार ताठ आहे का, तेही पाहा. वरचे चाकच जड फिरले, तर शटलपाशी दोऱ्याचा तुकडा अडकला आहे का ते बघा. पुष्कळदा तिथेच सापडतो.