एकाच हातचे दोन अर्ज

सामाईक सातबाऱ्यावर एकाने हरकत घेतली की पैसे कोणाच्याच हातात पडत नाहीत, हे आमच्या दादाला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्याने ती घेतली. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. लोक आता म्हणतात, जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं. गंगेला नाही मिळालं, कोर्टात जमा झालं.

मुंबई-गोवा हायवेचं रामायण रायगडात कोणाला नव्याने सांगायला नको. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. आमचं खांब गाव नागोठणे आणि कोलाड यांच्या मधलं, रस्त्याला अगदी चिकटून. मोबदल्याच्या नोटिसा आल्या आणि घराघरांतून जुने फेरफार बाहेर निघाले. ज्या आत्यांना वर्षानुवर्षं कोणी माहेरच्या गणपतीला बोलावलं नव्हतं, त्यांच्या सह्यांसाठी लोक पेढ्यांचे पुडे घेऊन एसटीत बसले. आमच्या आत्यांनी काही अडवलं नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आजोबांच्या पश्चात वाटणी झाली ती तोंडी. वरची खाचरं काकांकडे, रस्त्याकडची आमच्याकडे. त्या वेळी रस्त्याकडची म्हणजे दुय्यम. गुरं शिरायची, ट्रकवाले गाड्या उभ्या करायचे. आईने त्या खाचरांत उन्हातान्हात काढणी केली ती मी पाहिली आहे. सातबारा मात्र सामाईकच राहिला, कारण ‘घरात कागद कशाला’. नेमकी तीच खाचरं रस्त्यात गेली. मग दादाला आठवलं, सातबाऱ्यावर नावं दोघांची आहेत तर पैसे निम्मे. मी म्हटलं, चालेल, वरच्या खाचरांतलंही निम्मं मला दे. तेव्हा म्हणाला, ‘ती आमच्या वहिवाटीची.’ म्हणजे माझी वहिवाट धरायची नाही आणि त्याची धरायची. यात कोण बरोबर, हे वाचणाऱ्याने ठरवावं. माझ्यापुरतं ते ठरलेलं आहे.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 चा. त्यातलं कलम 3-एच मला आता झोपेतही म्हणता येतं. हिश्शाबद्दल किंवा रक्कम कोणाला द्यायची याबद्दल वाद निघाला, की सक्षम अधिकाऱ्याला तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. अधिकाऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो, त्याचे हात बांधलेले असतात. एका पानाचा अर्ज पुरतो. दादाने ते एक पान दिलं. मीही मग त्याच्याविरुद्ध अर्ज दिला, द्यायलाच हवा होता.

पैसे अडकले ते अडकले, पण त्याचं पुढचं वागणं मला जास्त लागलं. ऐन लावणीच्या दिवसांत वरच्या खाचरातून आमच्या उरलेल्या खाचरात उतरणारं पाणी त्याने बंद केलं. बांधाच्या फटीत दगड रचले, वर चिखल थापला आणि चिखलावर हाताचा पंजा नीट फिरवून ते गुळगुळीत केलं. बोटांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. रागाच्या भरात कोणी एक दगड टाकतो, ते समजू शकतो. हा माणूस बसून लिंपत होता. आमचं आवण पिवळं पडलं. त्या वर्षी मी ते खाचर पडीक सोडलं, आणि मग हट्टाने त्याच्या पुढच्या वर्षीही.

आमच्याच जिल्ह्यात, चरीला, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी 1933 ते 1939 जमिनी कसल्या नाहीत. उपाशी राहिले, लाकूडफाटा विकून जगले, पण खोतापुढे वाकले नाहीत. शाळेच्या कार्यक्रमात या संपावर बोलायला मला बोलावलं होतं. बोलता बोलता मनात आलं, त्यांनी जमीन ओसाड ठेवली ती खोतशाहीविरुद्ध, आमच्या घरातली ओसाड आहे ती एका चुलतभावाविरुद्ध. भाषण कसंबसं आटोपलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. आमच्या दोघांच्या घरी येणारा एक गृहस्थ होता. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तो त्यावरही अर्ज करील. कागदपत्रांत हुशार, बोलायला मऊ. माझ्या ओटीवर बसून चहा घेता घेता सांगायचा, ‘तुमच्या आईबद्दल तो जे बोलला ते मी तुम्हांला सांगणार नाही.’ आणि मग सांगायचा. माझा अर्ज त्यानेच लिहिला. मी मुद्दाम विचारलं होतं, तुम्ही दादाकडेही जाता का? म्हणाला, ‘छे, त्याच्या दारात कोण उभं राहणार!’ एवढी चौकशी करूनही माणूस फसत असेल, तर त्याला दोष देता येत नाही, असं माझं मत आहे.

पुढे वकिलांनी दादाच्या हरकतीची नक्कल काढायला सांगितली. नक्कल हातात आली. बाकावर बसून वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीत ‘सदरहू इसम हा मुजोर व लबाड वृत्तीचा असून’ असं वाक्य होतं. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझ्याच अर्जातलं होतं, दादाबद्दल. लिहून झाल्यावर त्या गृहस्थाने मला ते दोनदा वाचून दाखवलं होतं आणि मला आवडलंही होतं. मग अक्षर पाहिलं. ‘वहिवाट’ची ‘हि’ दोन्हीकडे दीर्घ. ‘श’ला तोच शेपटीसारखा फराटा. दोन्ही अर्जांवर माझ्या आणि दादाच्या सह्या तेवढ्या वेगळ्या, बाकी हात एकच. बाजूला एक म्हातारा बसला होता, त्याने पाणी हवं का विचारलं. माझा चेहरा तसा झाला असणार.

मग एक एक उलगडत गेलं. पाणी अडवण्याआधी दादाला कोणी सांगितलं होतं की मी बांध फोडणार आहे? वैतागून विकायचीच झाली तर मुंबईचं गिऱ्हाईक आहे, हे मला जसं हळूच सुचवलं, तसं त्यालाही सुचवलं होतं का? होतं. दोन्हीकडून अर्जाचे पैसे, दोन्हीकडे चहा, आणि शेवटी जमिनीवर दलाली. भाऊबंदकी हे कित्येकांचं उत्पन्न आहे.

दोन्ही कागद घेऊन मी दादाच्या घरी गेलो. काकी दारात होत्या, त्यांनी आत बोलावलं. दादाने चष्मा लावला, दोन्ही पानं शेजारी ठेवून सावकाश वाचली. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तर म्हणाला, ‘अक्षर चांगलं आहे त्याचं.’ बस, एवढंच. दिलगिरीचा शब्द नाही, चिखलाचा विषय नाही. कोणी कोणाला फसवलं हे समजल्यावर माणसं गळ्यात पडतात, असं सिनेमात असतं. आमच्याकडे काकींनी कोकम सरबत दिलं आणि मी ते पिऊन उठलो.

तरीही त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली, ती सांगण्यासारखी आहे. वहीत दोन रकाने केले. दादाने माझ्या तोंडावर म्हटलेलं एकात, दुसऱ्याने येऊन सांगितलेलं दुसऱ्यात. दुसरा रकाना भरून वाहिला. पहिल्यात मोजकंच निघालं. माझा संताप मुख्यतः दुसऱ्या रकान्यावर पोसला होता. हे करून पाहा. मात्र पहिला रकाना अगदीच कोरा निघेल अशी आशा ठेवू नका. माझा निघाला नाही, आणि त्यातलं मी विसरलेलोही नाही.

बाकी सल्ले सगळे देतात तेच: राग शांत होईपर्यंत थांबा, रात्री फोन करू नका, रक्तदाब तपासून घ्या. त्यांनी फार फरक पडतो असं नाही. कागदाने पडतो. वडीलधारे हयात आहेत तोवर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांपुढे संमतीने वाटप करून घ्या. बहिणींना विसरू नका, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. कोणी हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, घरात लिहिलेल्या चिठ्ठीला किंमत नाही. मोजणीची नोटीस लगतधारकाला येते, तेव्हा शेतावर हजर राहा. लग्न असो, बारसं असो, राहा. आमच्या मोजणीला दादा आला नाही आणि नंतर म्हणाला की खुणा चुकीच्या घातल्या. पाणी किंवा वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. आज-उद्या करत मुदत घालवू नका, समोरचा तेवढ्याचीच वाट पाहत असतो.

तुमच्या नावची जमीन त्याच्या कब्जात आणि त्याच्या नावची तुमच्या कब्जात, असं किमान 12 वर्षं चालत आलं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये, अशी सलोखा योजना सरकारने 2023 च्या जानेवारीत आणली. मुदत चालू आहे का, हे तलाठ्याकडे विचारून घ्या. 2007 ची तंटामुक्त गाव मोहीमही होती. फलक कित्येक गावांत अजून आहेत, त्याच फलकांखाली लोक भांडतात.

एक सांगायचं राहिलं. आमच्या वादात कोणी गावकीची भाषा केली नाही, हे नशीब. रायगडात वाळीत टाकण्याची प्रकरणं किती झाली ते पेपरात येतच होतं, त्यावरच 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला आणि 3 जुलै 2017 पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा भावाशी वाद असेल आणि कोणी ‘गाव तुमच्या मागे आहे’ म्हणून त्याचं पाणी-मीठ बंद करू म्हणाला, तर त्याला चहासुद्धा देऊ नका. ते तुमच्याही अंगावर येतं.

माझ्या मुलाने आणि दादाच्या मुलाने मध्यंतरी त्याच पडीक खाचरात पोपटी लावली. मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, अंडी, सगळं दादाच्या घरून. धूर पाहून मी धावत गेलो तर दोघं पेंढा घालत होते. मला शेंगा दिल्या. छान शिजल्या होत्या. दादालाही दिल्या असतील, विचारलं नाही.

सध्या प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं ठरलंय. तिथे तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं, हे दोन फायदे मी दादाला स्वतः सांगितले, मध्ये कोणाला न घालता. आम्ही बोलतो, कामापुरतं. रस्त्याकडच्या खाचरांचे साठ टक्के मला, चाळीस त्याला, असं वकिलांनी सुचवलंय. चाळीसही जास्तच आहेत. मी हो म्हटलं आहे, त्याचं उत्तर यायचंय. ऐन वेळी तो काही नवीन काढणार, याची मला खात्री आहे. मोजणी-नकाशाची क प्रत मी तीन ठिकाणी ठेवली आहे: वकिलांकडे, मुलाच्या ठाण्याच्या घरी आणि माझ्या ट्रंकेत.