कोगनोळीहून पळस आणि आबालाल: एका दिवसाचा खर्च

आकडा आधी सांगतो. नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं एसटीने किंवा वडापच्या जीपने गेली, तर सकाळच्या चहापासून रात्री घरी परतेपर्यंत बाराशे ते तेराशे रुपये लागतात. मोटारसायकलवरून दोघंच गेलात तर पाचशेच्या आसपास भागतं. स्वतःची चारचाकी काढली तर दीड हजार खिशात ठेवा. एवढ्यात वसंतातली झाडं बघून होतात आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूर शहरात राबून गेलेल्या, पण आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असलेल्या एका मोठ्या निसर्गचित्रकाराची ओळखही होते. आबालाल रहिमान त्याचं नाव.

कधी जायचं

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा महिना सर्वांत चांगला. ऊस तुटून रानं मोकळी झालेली असतात, त्यामुळे बांधावरचं झाड लांबूनही उठून दिसतं. काटेसावर सर्वांत आधी फुलते. तिच्यामागून पळस आणि पांगारा येतात. बहावा बघायचा असेल तर एप्रिल-मे उजाडावा लागतो आणि तेव्हा ऊन सोसत नाही. चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे कोल्हापूरला जाऊ नका. जोतिबाच्या यात्रेमुळे गाड्यांना उभं राहायलाही जागा नसते आणि शहरातली वाहतूकही वळवलेली असते. सोमवार तर टाळाच, त्या दिवशी शासकीय संग्रहालयं बंद असतात.

फुलांना तिकीट नाही

या भागाचा खर्च शून्य, फक्त लवकर उठावं लागतं. सकाळी सातला गावाबाहेरच्या कोणत्याही माळावर किंवा ओढ्याकाठी पळस गाठा. महामार्गावरून ऐंशीच्या वेगाने जाताना दिसतो तो नुसता केशरी पट्टा. खाली पडलेलं एक फूल उचलून तळहातावर घ्या. देठाकडची वाटी काळपट तपकिरी, मखमलीसारखी मऊ असते. तिच्यातून पाकळ्या निघतात आणि त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते. पाकळीवर रेशमी लव असते, म्हणून कोवळ्या उन्हात फूल केशरी दिसता दिसता कडेला रुपेरी झाक मारतं. वास मात्र जवळजवळ नाहीच. हे झाड मधावर पाखरं बोलावतं. अर्धा तास थांबलात तर साळुंक्या, बुलबुल आणि सूर्यपक्षी यांची ये-जा दिसेल. भर फुलोऱ्यात झाडावर पान जवळपास नसतं, त्यामुळे पाखरू लपत नाही. मुलांना पक्षी दाखवायला याहून सोपी जागा नाही.

सावरीचं फूल जाड पाच पाकळ्यांचं असतं. ते पडताना आवाज येतो आणि झाडाखाली सकाळी सडा पडलेला असतो. पांगारा शेताच्या कुंपणाला लावलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याचे लाल तुरे फांदीच्या टोकाला येतात. दोन्हींच्या खोडाला काटे असतात, तेव्हा मुलांना चढू देऊ नका. फांद्याही तोडू नका. रंगपंचमीसाठी पळसाची फुलं हवी असतील तर खाली पडलेली पुरतात. घमेलंभर गोळा करा, रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी एक उकळी द्या की पिवळा-केशरी रंग तयार. चौघांच्या घराचा रंगाचा खर्च यात वाचतो आणि अंगालाही त्रास नाही.

जायचं कसं आणि किती लागतं

कोगनोळी ते कोल्हापूर हे अंतर साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. जाऊन-येऊन आणि शहरातलं फिरणं धरून पंचाहत्तर किलोमीटर होतात.

मोटारसायकल लिटरला पंचेचाळीस देत असेल तर पावणेदोन लिटर पेट्रोल, म्हणजे पावणेदोनशे ते एकशे ऐंशी रुपये. दुचाकीला टोल नाही. चारचाकीला पाच लिटर धरले तर सव्वापाचशे आणि वाटेत नाका लागला तर टोल वेगळा. परतीचा प्रवास चोवीस तासांच्या आत असेल तर येण्या-जाण्याचा मिळून दीडपट टोल बसतो. दोनदा पूर्ण पैसे भरायची गरज नाही. फास्टॅगमधून कापलेली रक्कम घरी आल्यावर एकदा तपासा. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी महिन्याचा स्थानिक पास मिळतो. तो साडेतीनशेच्या घरात आहे आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो. नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्यांनी ऑगस्ट 2025 मध्ये तीन हजारांना सुरू झालेला वार्षिक पासही पाहावा. तो दोनशे फेऱ्यांचा किंवा एक वर्षाचा, यातलं जे आधी संपेल तेवढा चालतो. एका दिवसाच्या सहलीसाठी यातलं काहीच काढू नका.

बसने जाणाऱ्यांनी मोठ्या माणसाचे एका वेळचे साठ रुपये धरावेत, लहानांचे निम्मे. बायकांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. महाराष्ट्र एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं आणि कोगनोळी कर्नाटकात येते. म्हणून कागलपर्यंत वडाप आणि तिथून एसटी हा मार्ग बायकांना स्वस्त पडतो. कागलहून केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या गाड्याही सुटतात. कर्नाटकची शक्ती योजना जून 2023 पासून आहे. राज्यात राहणाऱ्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास मिळतो, पण सीमेपलीकडच्या गाडीत ती गृहीत धरू नका, चढतानाच वाहकाला विचारा. आधार कार्ड जवळ असू द्या. वडापमध्ये बसण्याआधी भाडं ठरवून घ्यावं, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दक्षिणेकडून येणार असाल तर कोल्हापुरात शिरताना पहिला थांबा शिवाजी विद्यापीठाचा करा. 1962 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांच्या आसपास आहे आणि सकाळी तिथे शहरातली माणसं फिरायला येतात. मोठ्या झाडांखालून तासभर चालायला पैसे लागत नाहीत. वनस्पतीशास्त्र विभागाचं उद्यान बघायचं असेल तर आधी विचारून जा. ती अभ्यासाची जागा आहे.

आबालाल कुठे भेटतात

भाऊसिंगजी रोडवर सीपीआर हॉस्पिटलसमोर टाऊन हॉल आहे. 1870 च्या दशकात बांधलेली ही दगडी इमारत आता शासकीय संग्रहालय आहे. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती बघायला लोक येतात आणि चित्रांच्या दालनातून भरभर पुढे निघून जातात. तुम्ही तसं करू नका. आबालालांच्या चित्रांना पाऊण तास द्या. तिकिटाला माणशी वीस-पंचवीस रुपये धरा. दालनांची मांडणी बदलत असते, म्हणून खिडकीवर तिकीट घेतानाच विचारा, ‘आबालाल रहिमान यांची चित्रं आज बघायला मिळतील का?’ हा प्रश्न जितके जास्त लोक विचारतील तितकं बरं. मागणी दिसली की चित्रं भिंतीवर राहतात.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. एवढं शिक्षण घेतलेल्या माणसाला मुंबईत कामाची ददात नसती, तरी ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आसरा दिला. 1884 साली कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले हे राजे. आपल्या शेजारच्या गावच्या माणसाने हा चित्रकार सांभाळला, हे कोगनोळीच्या मुलांना सांगायलाच हवं.

चित्र बघायचं कसं, यावर जरा थांबतो, कारण पैसे वसूल होतात ते इथेच. आधी चार पावलं मागे उभं राहून बघा. पाणी, घाट, झाडं, भिंतीवर आलेलं ऊन सगळं ओळखीचं दिसेल. मग काचेला हात न लावता अगदी जवळ जा. ऊन म्हणून जे दिसत होतं ते रंगाचे लहान लहान ठिपके आणि फटकारे आहेत. पिवळ्याशेजारी जांभळट, हिरव्याशेजारी तांबूस. रंग ताटलीत एकजीव केलेले नाहीत, ते बघणाऱ्याच्या डोळ्यात एक होतात. फ्रान्समध्ये त्याच सुमारास चित्रकार असा प्रकाश पकडू पाहत होते म्हणून त्यांच्याशी तुलना होते, पण आबालालांसमोर होतं ते इथलं ऊन. सकाळी पळसाच्या पाकळीवर केशरी आणि रुपेरी एकाच वेळी दिसलं होतं, ते डोळ्यांत ताजं असेल तर हे ठिपके लगेच उमगतात. म्हणून माझा आग्रह आहे की फुलं आधी, चित्र नंतर. उलट क्रमाने गेलात तर अर्धी गंमत जाते.

6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. ते स्वतः 28 डिसेंबर 1931 रोजी गेले. एवढ्या ताकदीच्या चित्रकाराचं नाव कोल्हापूरच्या कलावर्तुळाबाहेर फारसं घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुण्या-मुंबईच्या वाचकांचं सोडा, पण निपाणी-कागलच्या शाळांच्या सहली टाऊन हॉलला जाऊनही हे नाव न ऐकता परत येतात.

वाचायला पैसे लागत नाहीत. मराठी विश्वकोशातली नोंद इंटरनेटवर फुकट आहे. शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड मोठ्या ग्रंथालयात मागा. जाण्याआधी वीस मिनिटं ती पानं वाचली तर दालनात कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

दुपार आणि संध्याकाळ

जेवणाला मिसळ धरली तर माणशी शंभर-एकशेवीस पुरे. मांसाहारी थाळी घेतली तर दुप्पट-तिप्पट. चौघांचा खर्च फुगतो तो इथेच, प्रवासात नाही. भाकरी-चटणी घरून बांधून नेली आणि टाऊन हॉलच्या बागेतल्या झाडाखाली बसलात तर चारशे रुपये वाचतात. रिक्षा मीटरने घ्या. दिवसभराच्या दोन-तीन टप्प्यांना अडीचशे धरा.

दुपारी वेळ उरला तर राजारामपुरीत सातव्या गल्लीत चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय आहे. ‘छत्रपती शिवाजी’ चित्रपटातले शिवाजी म्हणून त्यांना ओळखणाऱ्या आजी-आजोबांना ते निसर्गचित्रंही काढत होते हे ठाऊक नसतं. पावडर शेडिंगमधली त्यांची चित्रं जरूर बघा. रंगाची पूड कागदावर घासून उठवलेली धुक्यातली झाडं मुलांना फार आवडतात. तेही शासकीय असल्याने तिकीट किरकोळ.

साडेचारनंतर रंकाळ्यावर जा. आबालालांच्या गाजलेल्या चित्रांत ‘संध्यामठ’ आहे आणि तो दगडी मठ आजही रंकाळ्यात उभा आहे. तळं भरलेलं असलं की तो पाण्यात असतो, पाणी उतरलं की उघडा पडतो. सकाळी भिंतीवर बघितलेली जागा संध्याकाळी समोर बघायला मिळणं हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. भेळेचे तेवढे शंभर रुपये वेगळे काढा.

घरी आल्यावर मुलांनी रंग मागितले तर भारी पेटी घेऊ नका. बारा नळ्यांचे शाळकरी जलरंग दोनशेच्या आत येतात. वाचलेले पैसे कागदावर घाला. पातळ वहीचा कागद पाणी पडताच सुरकुततो आणि मूल दुसऱ्या दिवशी रंग बाजूला ठेवतं. जलरंगाचा जाड कागद थोडा घ्या, मोठा ताव चौघडी कापून वापरा.

कोल्हापूर जमत नसेल आणि बेळगावला कामानिमित्त जाणं होत असेल, तर टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचं कलादालन आहे. चित्रकार रवी परांजपे यांचे हे गुरू. अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, म्हणजे गाडीने खर्च तिप्पट. पण कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना निपाणीहून साध्या सरकारी बसने हा प्रवास शक्ती योजनेत मोफत पडतो. प्रदर्शन चालू आहे का, हे आधी विचारून निघा.

जानेवारीत जाणं शक्य असेल तर वर्तमानपत्रात ‘रंगबहार’ या कोल्हापूरच्या कलासंस्थेच्या कार्यक्रमाची बातमी पाहत राहा. टाऊन हॉलच्या बागेत सकाळी गाणं चालू असतं आणि झाडांखाली बसून चित्रकार सगळ्यांसमोर चित्रं काढतात, शिल्पकार मातीत माणसं घडवतात. प्रवेश सर्वांना खुला आहे. पळस तेव्हा फुललेला नसतो, पण निसर्गचित्र कोऱ्या कागदापासून कसं उभं राहतं ते मुलांना हाताच्या अंतरावरून बघता येतं.