लेप्टोची गोळी नेमकी कुठे बसते?

प्रश्न : लावणीच्या दिवसांत आरोग्यसेविका आम्हाला लेप्टोसाठी गोळी देतात. जिवाणूला रोखणारी ही गोळी आपल्या शरीराला कशी सोसते? आणि माकडतापावर तीच का चालत नाही?
– एक शेतकरी वाचक, मालवण तालुका

उत्तर : ही गोळी डॉक्सिसायक्लिनची. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा मळ्याच्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या चिरेतून आत शिरतो. वाढायचं तर त्याला सतत प्रथिनं बनवावी लागतात. ते काम रायबोसोमचं. जनुकाकडून आलेला निरोप वाचत तो एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. नवं आम्ल जिथे येऊन टेकतं, त्याच जागी डॉक्सिसायक्लिन अडून बसतं. साखळी खुंटते, जिवाणूची वाढ थांबते आणि पुढचं काम आपली प्रतिकारशक्ती करते. या गटातलं टेट्रासायक्लिन रायबोसोमवर कुठे बसतं, हे बडोद्यात शिकलेल्या वेंकटरमण रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली दाखवलं. रायबोसोमवरच्या कामासाठी २००९ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

आपला रायबोसोम मोठा आणि वेगळ्या घडणीचा. शिवाय जिवाणू हे औषध स्वतःच आत ओढून साठवतात, आपल्या पेशी तसं करत नाहीत. तरी गरोदर बाईने गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. रायबोसोमच्या लहान भागात १६-एस नावाचा सुमारे दीड हजार अक्षरांचा आरएनए असतो. हजारो जिवाणूंची ही अक्षरं संगणकाने एकाखाली एक लावली, की काही जागा जवळजवळ सगळ्यांत सारख्या निघतात. औषध पकड घेतं ते अशाच भागात, म्हणून एकच गोळी कितीतरी जिवाणूंवर चालते. बाकीच्या जागा जातीगणिक बदलतात, त्यांवरून जिवाणू ओळखता येतो. लेप्टोस्पायरा प्रयोगशाळेत वाढवायला आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातल्या रक्तात त्याचं जनुक शोधणं त्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. म्हणून लावणीत ताप आला, तर गोळी घेतलीय म्हणून घरी थांबू नका, लगेच आरोग्य केंद्र गाठा.

दोडामार्गात २०१६ साली आढळलेला, गोचिडीमुळे होणारा माकडताप विषाणूचा. विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपल्या पेशीतला रायबोसोम वापरून स्वतःची प्रथिनं करून घेतो. डॉक्सिसायक्लिनने तिथे धरायचं काय?